चौथा गिअर नसलेली जीप

भुसावळ सोडलं तेव्हा पहाटेचे चार,
लोको शेडचे दिवे मागं पडले
आणि चुडामणनं तिकडं बघितलं नाही.
जीप गोटूच्या साडूची. चौथा गिअर पडत नाही,
डाव्या दाराला सुतळी,
मागं तंबू, पिशवीभर वांगी, भाजायला पऱ्हाट्या,
वीस लिटरचा कॅन
आणि फडक्यात कळण्याच्या भाकरी, अजून कोमट.

तापीचा पूल. मग केळी, केळी, केळी,
सावद्यापर्यंत ओला अंधार.
खिरोद्यानंतर मात्र जमीन हाडावर आली.
घाट, दगड, वाकडे अंजन,
रस्त्याला रस्ता म्हणायचं ते सवयीनं.

मी त्याचा गार्ड. एकोणीस वर्षं
त्याच्या मालगाडीच्या शेपटाला बसलो,
मध्ये अठ्ठावन्न वाघिणी कोळसा.
तोंड दिसायचं नाही, पाठ दिसायची नाही,
दिसायचा फक्त वळणावर बाहेर आलेला हात
आणि हातात हिरवी झेंडी.
मग मी माझी काढायचो.
एवढंच आमचं बोलणं.

जानेवारीत रेल्वेच्या डॉक्टरनं
ठिपक्यांचं पुस्तक त्याच्यापुढं उघडलं.
"आकडा वाचा."
"कुठी आहे आकडा?"
त्यानंतर पार्सल ऑफिसातली खुर्ची,
खुर्चीला उशी, बायकोनं शिवलेली.

हे सगळं ठाऊक असून आम्ही त्याला आणलं
सातपुड्यात, फाल्गुनात.
कोणाच्याच डोक्यात आलं नाही
की पळस फुललेला असेल.

आणि फुललेला तो असा
की गोटूसारखा गोटू गप्प झाला.
पालच्या नाक्यावर चढलेला सलामत तडवी म्हणाला,
"यंदा भलताच..."
मी त्याचा गुडघा दाबला.
चुडामण दुसऱ्या गिअरात चालवत राहिला,
पुढं रूळ असल्यासारखा बघत.

चढावर रेडिएटर उकळला.
बॉनेट उघडून आम्ही चौघं
पाहुण्यांसारखे उभे, बोलायला विषय नसलेले.
कॅनमधलं निम्मं पाणी इंजिन प्यालं.

सुकीच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकला.
खुंट्या वाळूत राहीनात, गोटे बांधले.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटली,
भरीत झालं, राखेसकट खाल्लं.
सलामत सांगत होता,
"गेल्या आठवड्यात वाघीण आली होती याच डोहावर."
"एकच?" चुडामण म्हणाला,
"मी रोज अठ्ठावन्न ओढायचो."
गोटूच्या नाकात ठेचा गेला.
जानेवारीपासून पहिल्यांदा हसलो आम्ही,
डोळे पुसायला कारण होतं.

रात्री रातवा बोलत राहिला, चक चक चक,
सांध्यांवरून चाक जावं तसा,
पण गाडी काही येईना.
दोन चाळीसला चुडामण उठून बसला.
"आत्ता चाळीसगावच्या लूपमध्ये उभा असतो मी."
मीही बसलो. दोघांनी मिळून
काहीच न जाणाऱ्या गाडीला जाऊ दिलं.
मग झोपलो.

उजाडता तो नाल्यानं वर गेला, मी मागं,
अंतर राखून. सवय.
एका झाडाखाली वाकला, काहीतरी उचललं,
तळहात माझ्यापुढं धरला.
"मले सांग, हे तुले काय दिसते?"
खोटं बोलता आलं असतं.
"फूल. लाल. थोडं केशरीकडं झुकलेलं."
"आन् पानं?"
"पानं नाहीत. या दिवसांत पळसाला पान नसतं."

बराच वेळ तो डोंगराकडं बघत राहिला.
"मले वाटलं नवी पालवी आहे,
साऱ्या डोंगराले.
कालपासून विचार करतो,
एवढ्या उन्हात एवढं हिरवं
याले पाणी कोण देते."

परतताना तोच चालवत होता.
मी मागच्या फळकुटावर, तंबूच्या बोचक्याला टेकून.
घाटातलं ते शेवटचं, उलटं वळण आलं
आणि पुढून त्याचा हात बाहेर निघाला, रिकामा,
मनगट सरळ.

मी चाचपलं. हाताला लागला गोटूचा रुमाल.
काढला बाहेर, धरला वाऱ्यात
वळण संपेपर्यंत.

रुमालाचा रंग विचारू नका.